प्रजासत्ताकं नेमकी कुठे मोडतात?

चौकस

रोमचं प्रजासत्ताक इसपू ५०९ ते इसपू २७, म्हणजे ४८२ वर्षं टिकलं. व्हेनिसचं हजार वर्षांच्या आसपास. इंग्लंडचं १६४९ ते १६६०, अकरा वर्षांत गाशा गुंडाळला. वायमार जर्मनी, म्हणजे दोन महायुद्धांमधलं जर्मन प्रजासत्ताक, १९१९ ते १९३३. ही का पडली असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: भ्रष्टाचार, फितुरी, नीतिमत्ता ढासळली, एक महत्त्वाकांक्षी माणूस आला. पण भ्रष्टाचार टिकलेल्या प्रजासत्ताकांतही पोत्याने होता, आणि महत्त्वाकांक्षी माणसांचा दुष्काळ कुठल्याच शतकात पडलेला नाही.

म्हणून धागा यंत्रणेपुरता ठेवूया. कुठला नियम, कुठल्या साली, कोणी कसा वापरला आणि तिथून माघार का घेता आली नाही?

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे झोडायला सोपं. पदावरून उतरणं जिवावर, इभ्रतीवर किंवा मालमत्तेवर बेतू लागलं की प्रजासत्ताकाचं आयुष्य मोजायला घ्यावं. बाकीची कारणं त्या दिशेने नेणाऱ्या वाटा आहेत.

कात्रणवाला

अंशतः सहमत. रोमपुरतं बोलायचं तर उत्तर सैन्याच्या हिशोबात आहे. आधी सैनिक व्हायला मालमत्तेची अट होती. मोहीम संपली की माणूस आपल्या शेतावर परत. इसपू १०७ मध्ये सेनापती मारिअसने भूमिहीनांनाही भरती करून घेतलं. आता मोहीम संपल्यावर हा माणूस जाणार कुठे? त्याला जमीन हवी, आणि निवृत्त सैनिकांना जमीन देण्याची कुठलीही कायमची सरकारी तरतूद नव्हती. सेनापतीने दर वेळी खटपट करून नवा कायदा पास करून घ्यायचा आणि सिनेटने तो अडवायचा. सेनापती पाँपी पूर्वेकडची मोहीम जिंकून इसपू ६२ मध्ये परतला, फौज मोडली, नियमाने वागला. सिनेटने त्याच्या सैनिकांची जमीन दोन वर्षं लटकवली. मग तो सीझर आणि क्रॅसस यांच्याकडे गेला नसता तरच नवल. इसपू ५९ मध्ये कॉन्सल (वर्षभराचं सर्वोच्च पद) झालेल्या सीझरने तो कायदा रेटून पास केला.

सैनिकाची निष्ठा पेन्शन देणाऱ्याशी असते, एवढं साधं आहे. गंमत म्हणजे यावरचा उपाय अवघड नव्हता. पहिला सम्राट ऑगस्टस याने इस ६ मध्ये सैनिकांसाठी वेगळी तिजोरी काढली, वारसा हक्काच्या मालमत्तेवर ५ टक्के आणि लिलावातल्या विक्रीवर १ टक्का कर लावला आणि निवृत्तीची रक्कम ठरवून टाकली, साध्या सैनिकाला १२,००० सेस्टर्स. प्रजासत्ताकाला हे करता आलं नाही, कारण इसपू १६७ पासून इटलीतल्या नागरिकांवरचा थेट कर बंद होता आणि तो पुन्हा सुरू करायची कोणाची छाती नव्हती.

टवाळखोर

म्हणजे पाच टक्के कर वाचवायला प्रजासत्ताक घालवलं. श्रीमंतांचा हिशोब पक्का असतो बुवा.

शंकेखोर

कात्रणवाला, तुमचा प्रतिसाद आवडला, पण तुम्ही गोष्ट पंचवीस वर्षं उशिरा सुरू केलीत. पहिलं रक्त इसपू १३३ मध्ये सांडलं, तेव्हा मारिअसची भरती कुठेच नव्हती.

क्रम बघा. टायबेरिअस ग्राकस हा ट्रिब्यून, म्हणजे सामान्य लोकांचा निवडलेला प्रतिनिधी. सरकारी जमीन कोणी ५०० युगेरांपेक्षा, म्हणजे साधारण ३०० एकरांपेक्षा, जास्त धरायची नाही हा जुनाच नियम त्याने पुन्हा आणला. दुसरा ट्रिब्यून ऑक्टेविअस याने नकाराधिकार वापरला, नियमानुसार. आतापर्यंत अशा वेळी वाटाघाटी व्हायच्या. टायबेरिअसने जनसभेत ठराव आणून ऑक्टेविअसलाच पदावरून काढलं, याला पूर्वीचा दाखला नाही. मग स्वतः लागोपाठ दुसऱ्या वर्षासाठी उभा राहिला, याचीही प्रथा नव्हती. तेव्हा सिनेटर बाकांचे पाय घेऊन आले आणि त्याला व त्याच्या शेकडो समर्थकांना ठार मारून प्रेतं टायबरमध्ये फेकली.

दोन्ही बाजूंनी प्रत्येक पायरीला 'कायद्यात स्पष्ट मनाई कुठे आहे?' असंच विचारलं. रोमची घटना लिहिलेली नव्हती, संकेतांवर चालायची. संकेत एकदा मोडला की तो पुढच्या माणसाचा पायंडा. इसपू १२१ मध्ये धाकट्या ग्राकसच्या, म्हणजे टायबेरिअसच्या भावाच्या, वेळी सिनेटने 'प्रजासत्ताकाला धोका पोचू नये म्हणून कॉन्सलने पाहावं' असा ठराव केला आणि खुनालाच कागदपत्रं मिळाली.

उलटतपासणी

दोघांचंही बरोबर, पण धागाकर्त्याच्या मुद्द्याकडे या. रोममध्ये पदावरून उतरणं महाग का झालं याची साखळी अशी: निवडणुकीचा खर्च प्रचंड, तो कर्ज काढून करायचा. पद एक वर्षाचं, बिनपगारी. मग प्रांताचं राज्यपालपद मिळवायचं आणि तिथे वसुली करायची. परतल्यावर खंडणीचा खटला, ज्यासाठी इसपू १४९ पासून कायमचं न्यायालयच होतं. सिसिलीच्या व्हेरेसवर सिसरोने आरोप केला होता की त्याने तीन वर्षांची लूट वाटून ठेवली होती: एका वर्षाची स्वतःला, एका वर्षाची वकिलांना, आणि सगळ्यात भरघोस वर्षाची न्यायाधीशांना.

अधिकारपद असेपर्यंत खटला भरता येत नाही. म्हणून सीझरला एका पदावरून थेट दुसऱ्या पदावर जायचं होतं, मध्ये खासगी नागरिक म्हणून एक दिवसही नको होता. विरोधकांना नेमका तोच एक दिवस हवा होता.

इसपू ५० च्या डिसेंबरात सिनेटमध्ये ठराव आला की सीझर आणि पाँपी दोघांनीही एकदम सैन्य सोडावं. बाजूने ३७०, विरोधात २२. म्हणजे शांतता हवी असणारे प्रचंड बहुमतात होते. पण कॉन्सल मार्सेलसने बैठक मोडली, पाँपीकडे जाऊन त्याच्या हातात तलवार दिली आणि सैन्य उभं करायला सांगितलं. महिनाभरात सीझर सीमेवरची रुबिकॉन नदी ओलांडून सैन्यासह आला. ३७० जण घरी बसून राहिले.

शंकेखोर

खटल्याच्या भीतीचा भाग जपून घ्या. पाँपीला हरवल्यावर फार्सालसच्या रणांगणावर 'सैन्याची मदत घेतली नसती तर मला दोषी ठरवलं असतं' असं सीझर म्हणाल्याचं आपल्याला असिनिअस पोलिओमुळे कळतं, आणि तो सीझरच्याच बाजूने लढला होता. जिंकलेल्याची कैफियत आहे ती. सीझरला खटल्याइतकीच मानाचीही चिंता होती.

उलटतपासणी

मान म्हणा, खटला म्हणा. उतरलो तर संपलो असं त्याला वाटत होतं ना? मुद्दा तोच आहे.

निळी शाई

रोममधून बाहेर पडूया का? टिकाऊपणात व्हेनिसला तोड नाही आणि त्यांनी उलट्या बाजूने विचार केला: कोणाला चढूच द्यायचं नाही.

डोजे म्हणजे व्हेनिसचा प्रमुख. १२६८ पासूनची तो निवडण्याची पद्धत अशी. महामंडळातून, म्हणजे शहराच्या मोठ्या सभेतून, चिठ्ठीने ३० जण काढायचे. त्यातून पुन्हा चिठ्ठीने ९ ठेवायचे. हे ९ जण ४० नावं सुचवणार, प्रत्येक नावाला किमान ७ मतं. त्या ४० मधून चिठ्ठीने १२. ते १२ जण २५ निवडणार, प्रत्येकी किमान ९ मतं. २५ मधून चिठ्ठीने ९. ते ९ जण ४५ निवडणार, पुन्हा ७ मतांची अट. ४५ मधून चिठ्ठीने ११. ते ११ जण ४१ निवडणार, ९ मतांची अट. आणि हे ४१ जण डोजे निवडणार, किमान २५ मतांनी. चिठ्ठीचे गोळे पात्रातून काढायला रस्त्यावरून एक लहान मुलगा पकडून आणायचे.

निवडून आल्यावर डोजेला शपथपत्र वाचावं लागे, आणि दर नव्या डोजेच्या वेळी त्यात कलमं वाढवली जात. परदेशी पत्र एकट्याने उघडायचं नाही, परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. मेल्यावर चौकशी समिती त्याच्या कारभाराचा हिशोब तपासणार आणि गफलत निघाली तर दंड वारसांकडून वसूल. १३५५ मध्ये डोजे मारिन फालिएरने राजा व्हायचा कट केला, तर त्याचा राजवाड्यातच शिरच्छेद झाला. सभागृहातल्या डोजेंच्या चित्रांच्या रांगेत त्याच्या जागी आजही काळा पडदा रंगवलेला आहे.

टवाळखोर

डोजे निवडेपर्यंत तो रस्त्यावरचा मुलगा मतदानाच्या वयाचा होत असेल.

अर्धविराम

निळी शाई, दंडवत! एक भाबडा प्रश्न: एवढ्या पायऱ्या कशाला? एकदा चिठ्ठी, एकदा मतदान, झालं असतं की.

निळी शाई

चिठ्ठी आणि मतदान ही दोन वेगळ्या रोगांवरची औषधं आहेत. फक्त मतदान ठेवलं की घराणी आधीच सौदे करतात. फक्त चिठ्ठी ठेवली तर कोणीही सोम्यागोम्या निघू शकतो. आलटून पालटून ठेवलं की लाच कोणाला द्यायची हेच कळत नाही, कारण पुढच्या टप्प्यावर कोण असेल ते कोणालाच माहीत नाही. शिवाय ९ पैकी ७ अशा अटीमुळे एका गटाच्या जोरावर नाव पुढे जात नाही, दुसऱ्या गटालाही पटावं लागतं.

बिघाड दुसरीकडे झाला. १२९७ मध्ये महामंडळाचे दरवाजे बंद झाले आणि थोड्याच वर्षांत सभासदत्व वंशपरंपरागत झालं. भांड्यातले गोळे तेच, घराणी तीच. युद्ध, साथी, निर्वंश यांनी संख्या घटत गेली. क्रीटच्या युद्धाच्या खर्चासाठी १६४६ पासून एक लाख डुकाटांना सरदारकी विकायला काढली. दुसऱ्या टोकाला कंगाल सरदारांचा वर्ग वाढला, त्यांच्याकडे विकायला मतच उरलं होतं. १२ मे १७९७ ला नेपोलियनच्या मागणीवरून महामंडळाने स्वतःलाच बरखास्त केलं. गणपूर्ती ६०० ची, हजर ५३७, त्यातल्या ५१२ जणांनी होकार दिला. म्हणजे प्रजासत्ताक संपवणारा ठरावही त्यांच्याच नियमाने बेकायदा होता.

कात्रणवाला

फ्लोरेन्सही घ्या यात. तिथे सरकार दर दोन महिन्यांनी बदलायचं. पात्र लोकांची नावं पिशव्यांत, त्यातून चिठ्ठ्या काढायच्या. कर थकवला असेल, नुकतंच पद भूषवलं असेल किंवा नातेवाईक पदावर असेल तर चिठ्ठी बाद. कागदावर अभेद्य. १४३४ मध्ये कोझिमो मेदिची हद्दपारीतून परतला आणि त्याने घटनेचं एक अक्षर न बदलता पिशव्या भरणारे अधिकारी आपले ठेवले. सर्वोच्च पदासाठी पिशवीत दहा-वीस भरवशाची नावं असली की चिठ्ठी कोणतीही निघो. कोझिमो स्वतः त्या पदावर आयुष्यात तीनदाच, दर वेळी दोन महिने. साठ वर्षं मेदिचींचं राज्य चाललं आणि दप्तरी ते कुठेच नाही.

चौकस, तुमच्या सिद्धांतात हे बसत नाही. इथे पदावरून उतरायला कोणाची ना नव्हती, कारण सत्ता पदात नव्हतीच.

चौकस

बसतं की. कोझिमोला १४३३ मध्ये विरोधकांनी कैदेत टाकून हद्दपार केलं होतं. परतल्यावर त्याने पिशव्या का धरल्या? पुन्हा तीच वेळ येऊ नये म्हणून.

शंकेखोर

असं सगळंच बसवता येतं.

सातबारा

पोलंड-लिथुआनिया कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. राजा निवडलेला, पण कारभार सरदारांच्या प्रजासत्ताकाचा. १६५२ मध्ये सिचिन्स्की नावाच्या एका प्रतिनिधीने अधिवेशनाची मुदत वाढवायला एकट्याने हरकत घेतली आणि सभापतीने ती मान्य केली. तिथून पायंडा पडला. यातली गोम अशी की एका हरकतीने त्या अधिवेशनात आधी मंजूर झालेले सगळे ठरावही रद्द व्हायचे. १६८८ मध्ये तर सभापती निवडण्याआधीच अधिवेशन मोडलं. तिसऱ्या ऑगस्टसच्या कारकिर्दीत एकच अधिवेशन, १७३६ चं, पूर्ण झालं.

१७१७ मध्ये सैन्याची मर्यादा २४,००० ठरली होती. वाढवायची तर अधिवेशन पार पडायला हवं. शेजारच्या प्रशियाकडे १७४० मध्ये ८०,००० च्या आसपास फौज. युद्ध कशाला करायचं, एक प्रतिनिधी विकत घेतला की काम फत्ते. रशिया आणि प्रशियाने तेच केलं.

पण सुटका अशक्य नव्हती, हे मुद्दाम सांगतो. 'महासंघ' म्हणून अधिवेशन भरवलं तर बहुमताने निर्णय घेता येत. १७८८ चं अधिवेशन असंच भरलं, त्यांनी फौज एक लाख करायचं ठरवलं आणि ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने एकट्याचा नकाराधिकार रद्द केला. वर्षभरात रशियन सैन्य आत, काही सरदारांच्या निमंत्रणावरून. १७९३ आणि १७९५ ला उरलेला देश वाटून घेतला. १७७२ ची फाळणी आळशीपणाची, नंतरच्या दोन दुरुस्तीच्या.

अर्धविराम

'दुरुस्तीच्या शिक्षेच्या' म्हणा. देश सुधारतोय म्हणून शेजाऱ्यांनी घाई केली, हे जास्त कडू आहे.

गणपूर्ती

(आयडीला शोभेल असं काहीतरी लिहितो.) अवांतर वाटेल पण नाही: वज्जींचा संघ, वैशालीचं प्राचीन गणराज्य. बौद्ध परंपरेनुसार मगधाचा राजा अजातशत्रू याला वैशाली घ्यायची होती, तेव्हा त्याचा मंत्री वस्सकार बुद्धाकडे गेला. बुद्धाने वज्जींबद्दल सात गोष्टी विचारल्या. पहिल्या तीन निव्वळ कामकाजाच्या आहेत: सभा वारंवार आणि भरगच्च भरते का, एकत्र बसून एकत्र उठतात का, न ठरलेलं लादत नाहीत आणि ठरलेलं मोडत नाहीत ना. वस्सकाराने त्यातून बोध घेतला तो उलटा. नंतरच्या अट्ठकथेप्रमाणे (पाली टीकाग्रंथ) तो भांडून आल्याचं नाटक करून वैशालीत राहिला आणि तीन वर्षं एकाच्या कानात दुसऱ्याबद्दल कुजबुजत राहिला. शेवटी हल्ल्याचा नगारा वाजला तेव्हा सभेला कोणी आलंच नाही. 'शूर आहेत त्यांनी जावं' म्हणाले.

अर्थात तिथेही सभेत बसणारे क्षत्रिय कुळांचेच. बाकीच्यांना नगाऱ्याशी देणंघेणं का असावं?

निळी शाई

शेवटची ओळ व्हेनिसलाही लागू.

उलटतपासणी

वायमारबद्दल 'कलम ४८ ने घात केला' असं कोणी लिहायच्या आत लिहून टाकतो. कलम ४८, राष्ट्राध्यक्षाचे आणीबाणीचे अध्यादेश, पहिला राष्ट्राध्यक्ष एबर्ट यानेही सुरुवातीच्या वर्षांत भरपूर वापरलं आणि प्रजासत्ताक वाचलं. शिवाय संसदेला अध्यादेश बहुमताने रद्द करता येत होता. घात झाला तो दोन कलमं जोडल्यावर. जुलै १९३० मध्ये संसदेने चॅन्सलर (सरकारप्रमुख) ब्रूनिंगचा अर्थविषयक अध्यादेश रद्द केला. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने कलम २५ वापरून संसदच बरखास्त केली आणि अध्यादेश पुन्हा काढला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ वरून १०७ वर गेले. ही निवडणूक १९३२ पर्यंत व्हायचीच नव्हती.

त्याआधी मार्चमध्ये आधीचा चॅन्सलर म्युलरचं आघाडी सरकार कशावरून पडलं? बेकारी विम्याच्या वर्गणीत अर्धा टक्का वाढ करायची की नाही यावरून. नंतरची कुठलीच सरकारं संसदीय बहुमतावर उभी नव्हती.

टवाळखोर

रोमला पाच टक्के, जर्मनीला अर्धा. महागाई उलटी चाललीय.

सातबारा

निवडणूक पद्धतीचाही वाटा आहे. ६०,००० मतांना एक जागा, किमान टक्केवारीची अट जवळपास नाही. त्यामुळे चिल्लर पक्षांची जत्रा.

उलटतपासणी

चिल्लर पक्षांनी वायमार पाडलं नाही. जुलै १९३२ मध्ये ६०८ पैकी नाझी २३० आणि कम्युनिस्ट ८९, मिळून ३१९. एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोन पक्ष सरकार बनवू शकत नव्हते, पण कुठलंही सरकार पाडू शकत होते. पाच टक्क्यांच्या अटीने यातला एकही पक्ष अडला नसता. म्हणूनच १९४९ च्या जर्मन घटनेतलं कामाचं कलम ६७ आहे: नवा चॅन्सलर निवडल्याशिवाय जुना पाडता येत नाही. आजवर दोनदा वापरलं, १९७२ मध्ये फसलं, १९८२ मध्ये जमलं.

आणि २३ मार्च १९३३ चा अधिकारदान कायदा 'कायदेशीर' होता असं म्हणणाऱ्यांसाठी: दोन तृतीयांश हजेरी हवी होती. विरोधक गैरहजर राहून ती मोडतील म्हणून आधी सभागृहाचा नियमच बदलला, विनापरवानगी गैरहजर तो हजर धरायचा. ८१ कम्युनिस्ट सभासद तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा. सभागृहात गणवेशातले एसए, म्हणजे नाझींची खासगी फौज. विरोधात मत दिलं फक्त ९४ सोशल डेमोक्रॅट्सनी.

गणपूर्ती

वज्जींच्या सभेला कोणी आलं नाही, व्हेनिसमध्ये ६०० भरले नाहीत, बर्लिनमध्ये न आलेले भरून घेतले. प्रगती आहे.

कात्रणवाला

चौकस, तुमच्या मूळ मताला सगळ्यात चपखल उदाहरण अजून कोणी दिलेलं नाही, आणि ते तुमच्या विरोधात जातं. फ्रान्सचं दुसरं प्रजासत्ताक.

१८४८ च्या घटनेत राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडायचा, मुदत चार वर्षं, आणि लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहायला बंदी. लुई नेपोलियन जवळपास ७४ टक्के मतांनी निवडून आला. १८५२ च्या मे महिन्यात उतरायचं होतं. खटल्याची टांगती तलवार नव्हती. होती ती डोक्यावर कर्जं आणि मागे लोकप्रियता. त्याने आधी सरळ मार्ग धरला: घटना दुरुस्त करून फेरनिवडणुकीची मुभा द्या. जुलै १८५१ मध्ये मतदान झालं, बाजूने ४४६, विरोधात २७८. चांगलं बहुमत, पण अट तीन चतुर्थांशांची, म्हणजे ५४३ हवे होते. दुरुस्ती पडली. २ डिसेंबर १८५१ ला पहाटे प्रमुख प्रतिनिधींना अंथरुणातून उचललं, भिंतीवर जाहीरनामे लागले. त्यातल्या एका मुद्द्याला तर उत्तरच नव्हतं: याच संसदेने ३१ मे १८५० ला तीन वर्षांच्या रहिवासाची अट घालून सुमारे तीस लाख लोकांचा मताधिकार काढला होता, तो मी परत देतो.

इथे उतरणं जिवावरचं नव्हतं. तरी मोडलं. पद जनतेचं, दार एकच, आणि ते न उघडणारं. शिवाय ज्यांनी संसद वाचवायला रस्त्यावर यायचं त्यांचीच मतं संसदेने काढून घेतलेली.

अवांतर: घटना बनत असताना 'थेट निवडलेला राष्ट्राध्यक्ष नकोच' अशी दुरुस्ती ज्यूल ग्रेवीने मांडली होती, ती फेटाळली. १८७९ मध्ये हेच ग्रेवी तिसऱ्या प्रजासत्ताकाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि १८८७ मध्ये जावयाने सरकारी सन्मान विकल्याचं उघड झाल्यावर राजीनामा देऊन घरी गेले. प्रजासत्ताकाला ओरखडाही नाही.

चौकस

लुई नेपोलियनचं उदाहरण मान्य, कर्ज आणि इभ्रत ही किंमत मी 'मालमत्ता' मध्ये धरतो, पण ताणून. ग्रेवीचं मात्र माझ्या बाजूने धरतो. नाक कापलं गेलं, पण मान शाबूत राहिली.

अर्धविराम

मग कोणी नीट उतरवण्याची यंत्रणा केलीच नाही का? नुसती पडझड वाचून कंटाळा आला.

निळी शाई

सान मारिनो बघा. १२४३ पासून दोन प्रमुख, एकाच वेळी, मुदत सहा महिने, १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला बदल. पुन्हा निवड व्हायला तीन वर्षं थांबायचं. आणि मुदत संपल्यावर दोघांच्या कारभाराची चौकशी होते, दर वेळी, ठरलेली. ती सगळ्यांचीच होत असल्यामुळे चौकशी लागणं हा सूड ठरत नाही. ज्या १७९७ मध्ये व्हेनिस बुडालं त्याच वर्षी नेपोलियनने यांना जास्तीचा प्रदेश देऊ केला होता, त्यांनी तो नाकारला.

शंकेखोर

आणि १९२३ ते १९४३ तिथे फासिस्टांचं राज्य होतं. प्रमुख दर सहा महिन्यांनी बदलत होते, चौकशीची तरतूद तशीच होती, दोघेही फासिस्ट. कात्रणवाल्यांची फ्लोरेन्सची पिशवी आठवा.

निळी शाई

आठवली. पण १९४३ नंतर तीच पिशवी पुन्हा वापरता आली, नवी शिवावी लागली नाही. व्हेनिसला ती सोय राहिली नाही.

सातबारा

डच राहिले. १६७२ मध्ये डच प्रजासत्ताकाचा कारभार पाहणाऱ्या योहान डी विटने पदाचा रीतसर राजीनामा दिला होता, तरी सोळा दिवसांनी जमावाने त्याला आणि भावाला हेगमध्ये फाडलं. चौकस, हे तुमच्या खात्यात की माझ्या?

चौकस

माझ्या. त्यावर वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसाद होतील.